गोगलगायी दरवर्षी परत का येतात? पानावर नव्हे, कुंडीखाली बघा

आषाढ लागला की आमच्या गल्लीत सकाळी एकच विषय असतो. नाशिकमध्ये मखमलाबाद रोडपासून जरा आत आमची रो-हाउसची वसाहत आहे. प्रत्येकाच्या दारापुढे आठ-दहा फुटांची मातीची पट्टी, वर गच्चीत कुंड्या. संध्याकाळी झेंडूची रोपं लावायची आणि सकाळी नुसते देठ मोजायचे. "तुमच्याकडे पण?" "हो ना, काल पालकाचा वाफा गेला." मग मीठ येतं, चुना येतो, राख येते, अंड्याची टरफलं येतात, कुणाच्या मावसभावाने सांगितलेल्या गोळ्या येतात. आठ दिवस शांतता. पुढची सर येऊन गेली की पुन्हा तेच.

मी सलग तीन पावसाळे हे सगळं केलं. पैसे घालवले, झोप घालवली, एक गुलाब स्वतःच्या हाताने मारला. चौथ्या वर्षी मे महिन्यात पाण्याच्या टाकीमागच्या फरश्या हलवल्या, तेव्हा कळलं की मी जुलैत जिच्याशी भांडत होते ती फौज एप्रिल-मेमध्ये माझ्याच घरात गाढ झोपलेली असते. ते कसं लक्षात आलं आणि आता काय करते, ते सविस्तर लिहिते. तुमच्याकडे दरवर्षी त्रास होत असेल तर उपयोग होईल.

आधी चोर ओळखा

पान खाल्लेलं दिसलं की आपण गोगलगायीचं नाव घेतो, पण दर वेळी तीच नसते. रोप जमिनीलगत कापून आडवं पडलं असेल आणि शेजारची माती बोटाने उकरल्यावर गुंडाळी करून पडलेली मातकट अळी सापडली, तर ती रोपं कुरतडणारी अळी. पानावर काळे बारीक दाणे, म्हणजे लेंड्या पडल्या असतील तर तीही अळीच. पानाची कडा कातरल्यासारखी असेल आणि दिवसाढवळ्या काही टुणकन उडालं तर नाकतोडा. जाडसर देठ तिरका कापला गेला असेल तर उंदीर-घुशीचा संशय घ्या.

गोगलगाय पान कातरत नाही, खरवडते. तिच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात, खवणीसारख्या. त्यामुळे भोकं वेडीवाकडी पडतात, मधल्या शिरा बऱ्याचदा शिल्लक राहतात आणि कोवळं रोप असेल तर काहीच राहत नाही. खरी खूण म्हणजे वाळलेल्या शेंबडासारखी चकचकीत रेघ. फरशीवर, कुंडीच्या कडेवर, पानामागे ती शोधा. पण रात्री पाऊस झाला असेल तर रेघ धुऊन जाते, म्हणून सकाळच्या पुराव्यावर फार विसंबू नका. रात्री नऊ-साडेनऊला टॉर्च घेऊन खाली उतरा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

पहिल्यांदा मी अशी उतरले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. टॉर्चचा झोत पपईच्या खोडावर गेला आणि खोड हलल्यासारखं वाटलं. मुठीएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या शंखांच्या सात गोगलगायी एकीवर एक चढत वर निघाल्या होत्या. खाली झेंडूच्या वाफ्यात पाठीवर शंख नसलेल्या, राखाडी, बोटभर लांबीच्या पसरल्या होत्या. सगळं शांत असेल तर त्यांच्या खाण्याचा आवाजसुद्धा येतो. कोणी दूर कुठे कागद घासतंय असा. त्या रात्री मी ४३ मोजल्या आणि मग मोजणं सोडलं.

शंखी आणि शेंबी

पाठीवर शंख असलेली ती शंखी, नसलेली ती शेंबी. कृषी खात्याच्या सल्ल्यांतही हीच नावं असतात. आपल्या अंगणातली मोठी शंखी म्हणजे बहुतेक वेळा आफ्रिकन राक्षसी गोगलगाय. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. भारतात ती आपणहून आलेली नाही. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या ब्रिटिश शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून आणून ती कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. हौस एका माणसाची, भोगतोय अख्खा देश. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हिने उगवलेलं सोयाबीन साफ केलं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. म्हणजे आपल्या झेंडूचं दुःख तसं किरकोळच.

एक सांगायला हवं, शंख दिसला की मारा असं नाही. करंगळीच्या नखाएवढ्या, चपट्या किंवा शंकूसारख्या शंखाच्या बऱ्याच देशी गोगलगायी कुजका पालापाचोळा खाऊन जगतात. कंपोस्टच्या डब्याजवळ त्या दिसल्या तर राहू द्या. रात्री हिरव्या पानावर बसून खाताना जी सापडेल ती आपली गुन्हेगार.

त्रास परत परत का होतो याचं अर्धं उत्तर तिच्या शरीरातच आहे. प्रत्येक शंखी नर आणि मादी दोन्ही असते. एकदा जोडी जमली की ती बीज अंगात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक महिने एकटीच अंडी घालू शकते. एका खेपेला शंभर-दोनशे, कधी त्याहून जास्त. वर्षात अशा अनेक खेपा. म्हणजे नर्सरीतून आलेल्या कुंडीत लपून एकच बाई तुमच्या घरात शिरली तरी वंश वाढायला तेवढं पुरतं.

राहिलेलं अर्धं उत्तर आहे तिच्या उन्हाळ्यात. ऊन तापलं, हवा कोरडी झाली की ती मरत नाही. सावलीची फट शोधते, शंखात आत ओढून घेते आणि तोंडाला पांढरट, कागदी पापुद्रा लावून टाकते. असं दार बंद करून ती महिनोन् महिने पडून राहते. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसाने ओल लागली की दार उघडते आणि उपाशी पोटी बाहेर येते. म्हणून पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट असतात. नेमकी आपली रोपंही तेव्हाच कोवळी असतात.

शेंबीला शंख नसल्याने ती उन्हाळ्यात मातीत खोल किंवा कुंडीच्या बुडाशी ओलीत राहते. कुंडी उचलल्यावर पाणी जायच्या भोकात बोट घालून बघा. (हातमोजा घालून. का, ते पुढे येतंय.)

तीन वर्षांत मी काय काय केलं

पहिल्या वर्षी मीठ. दिसली की चिमूटभर टाकायचं, ती फेसाळून आकसायची, मला विजय मिळाल्यासारखं वाटायचं. महिनाभरात त्या वाफ्यातल्या मिरच्यांची पानं कडेने करपली. मीठ मातीत उतरलं होतं, आणि कुंडीतलं मीठ बाहेर जायला वाट कमी असते. गोगलगायीच्या अंगावर मीठ काम करतं यात शंका नाही, पण झाडाच्या बुडाशी मीठ टाकणं म्हणजे उंदराला पकडायला घराला आग लावणं.

दुसऱ्या वर्षी चुना. कोरड्या चुन्याचा चार बोटं रुंद पट्टा आखला तर त्यावरून त्या खरंच जात नाहीत, अंग भाजतं त्यांचं. अडचण एवढीच की हा पट्टा कोरडा असेपर्यंतच चालतो आणि आपल्याला तो हवा असतो पावसाळ्यात. सर आली की चुन्याची खीर होते. मी दर चार दिवसांनी नवा टाकत राहिले. नाशिकची काळी माती मुळातच चुनखडीची, अल्कधर्मी. वरून मी आणखी चुना ओतला. भाद्रपदात गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. माती अशी झाली की झाडाला त्यातलं लोह घेता येत नाही, त्याचं हे लक्षण. माळीदादांनी पान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "ताई, गोगलगायीने नाही खाल्लं हे. तुम्ही खाल्लं." गुलशनाबाद म्हणून एके काळी ओळखल्या गेलेल्या गावात गुलाब मारायचा म्हणजे लाज वाटावी अशीच गोष्ट. चुना वापरायचाच तर झाडापासून लांब, फाटकाच्या उंबऱ्यावर किंवा सिमेंटच्या कडेवर वापरा.

याच वर्षी मी अंड्याची टरफलंही चुरून टाकली. रात्री टॉर्च मारला तर एक शंखी त्या चुऱ्यावर निवांत बसून तोच खात होती. शंख बांधायला तिला कॅल्शियम लागतं. भिंतीचा चुना आणि सिमेंटसुद्धा ती त्यासाठीच खरवडते. म्हणजे मी तिला घर बांधायचं सामान पुरवत होते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी, लोकर, खडी, झाडाची साल असे घरगुती अडथळे लेट्यूसच्या रोपांभोवती तपासले होते. रोपांचं नुकसान कशानेच कमी झालं नाही. हे मी टरफलं गोळा करण्याच्या आधी वाचायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी गोळ्या. कृषी सेवा केंद्रात मेटाल्डिहाइडच्या दाणेदार गोळ्या मिळतात आणि त्या चालतात, हे प्रामाणिकपणे सांगते. गोगलगाय ती खाते, अंगातला सगळा चिकट स्राव बाहेर टाकत बसते, सुकते आणि मरते. पहिल्या सकाळी वाफ्यात रणांगण होतं. दुसऱ्या सकाळी गल्लीतली राणी नावाची कुत्री फाटकातून आत शिरून तीच माती हुंगत होती. या गोळ्या कोंड्यात बांधलेल्या असतात, वास खाण्यासारखा येतो. कुत्र्याच्या पोटात गेल्या तर थरथर, झटके येतात, आणि त्यावर ठरावीक असा उतारा नाही, फक्त वेळेत डॉक्टरांकडे नेणं. मी ओरडत धावले, ती पळाली, पुढचे दोन दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होते. काही झालं नाही. पण उरलेलं पाकीट मी पुन्हा उघडलं नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ अखेरपासून बागेत मेटाल्डिहाइड वापरायला बंदी आहे.

शेतात एकरभर सोयाबीन जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कृषी खात्याच्या सल्ल्याने वापरावं लागेल. घरी लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नको. वापरणारच असाल तर ढीग घालू नका, सुटी सुटी पेरा, पाकिटावरचं प्रमाण पाळा, पाऊस येणार असेल त्या दिवशी टाकू नका, आणि खायच्या पालेभाजीत तर अजिबात नको. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या पाळीव प्राण्यांना बऱ्याच कमी धोक्याच्या असतात, पण मी चार दुकानं फिरले, इथे मिळाल्या नाहीत.

आणि हो, भिरकावणं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर फेकून देणं हा गल्लीतला सर्वमान्य उपाय. मी एकदा तीन शंखींच्या पाठीवर लेकीचं लाल नेलपॉलिश लावून त्या भिंतीपलीकडे टाकल्या. पाचव्या रात्री त्यातली एक पपईखाली, दुसरी शेजारच्या काकूंच्या दारात. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. शास्त्रातही हिच्या वर्गाला उदरपादच म्हणतात. चालायला तिला पोटच पुरतं.

फरश्यांखाली काय होतं

चौथ्या वर्षी मेच्या तिसऱ्या रविवारी पाण्याची टाकी धुवायची होती. टाकीच्या ओट्यामागे घराच्या बांधकामात उरलेल्या शहाबादी फरश्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, सहा वर्षं कोणी हात लावला नव्हता. मी पहिली फरशी पुढे ओढली. मागच्या अंगाला शंखांची ओळ चिकटलेली होती. एकाला एक लागून, तोंडाला तो पांढरा पापुद्रा. दुसऱ्या फरशीमागेही तसंच. घमेल्यात टाकल्यावर खडखड आवाज येत होता, नारळाच्या करवंट्या टाकाव्यात तसा. एकूण ७१ निघाल्या. जुलैत एवढ्या वेचायला मला आठवडा लागायचा. त्या दिवशी अर्धा तास लागला, त्याही एका जागी, कोरड्या, न पळणाऱ्या.

मग मी घरभर फिरले. वापरात नसलेल्या ग्रो बॅगांच्या घडीत नऊ. द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटखाली चार. कंपाउंडच्या भिंतीला बाहेरून एक भेग होती, तिच्यात हात जाईना, पण शंख दिसत होते. ती भेग सिमेंटने बुजवली, आतल्यांसकट.

आणि शेवटी नर्सरीतून आणलेल्या लाल मातीचं अर्धं उरलेलं पोतं. ते उपडं केलं तर मातीबरोबर पिवळसर पांढऱ्या गोळ्यांचा घोस पडला. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा किंचित मोठ्या, वरून कडक. मला आधी खताचे दाणे वाटले. एक फोडलं, आत पाणी निघालं. अंडी होती, शंखीची. म्हणजे एकीकडे मी मारत होते आणि दुसरीकडे दर वर्षी पैसे देऊन विकत आणत होते. शेंबीची अंडी वेगळी असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक, कुंडीच्या बुडाशी किंवा ताटलीखाली पुंजक्याने सापडतात. दोन्ही प्रकारची अंडी सापडली की हातमोजा घालून चिरडा किंवा उन्हात तापलेल्या फरशीवर पसरा. कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे ती मजेत उबतात.

त्या वर्षी जूनमध्ये पहिल्या रात्रीची मोजणी अकरा होती.

आता वर्षभर काय करते

मुख्य काम मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी. टाकीखाली, जिन्याखाली, विटांच्या ढिगात, कुंड्यांच्या मागे, एसीच्या बाहेरच्या डब्याखाली सगळं हलवून बघायचं. फरश्या आता भिंतीला टेकवलेल्या नाहीत, दोन विटांवर उघड्या ठेवल्या आहेत, खालून झाडू जातो. अडगळ हेच त्यांचं गाव आहे. घरच्यांना "एकदा लागेल" म्हणून ठेवलेल्या वस्तू टाकायला लावणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

पावसाला सुरुवात झाली की पहिले पंधरा दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा सापळा. बारदान किंवा जुनं गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं, पिळून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरायचं, खाली कोबीची बाहेरची पानं किंवा पपईची पानं टाकायची. कोबीची पानं आपल्याकडे भाजीवाल्या मावशी अशीच देतात. गुळाचं पाणी फार गोड करायची गरज नाही, बादलीला मोठा खडा पुरतो. नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते. सकाळी सहाच्या आत गोणपाट उलटायचं. सात वाजले, ऊन आलं की त्या पांगतात आणि आपण म्हणतो, सापळा चालत नाही. शेजारच्या काकूंचं दोन वर्षं हेच होत होतं, त्या चहा झाल्यावर आठला बघायच्या.

वेचलेल्यांचं काय? जाड मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकते, दुसऱ्या दिवशी दीड-दोन फूट खोल खड्ड्यात पुरते. नुसत्या जिवंत पुरल्या तर वर येतात. ते खारं पाणी मोरीत, बागेत नाही. मोठ्या शंखी मेल्यावर भयंकर वास सुटतो, म्हणून उघड्यावर टाकू नका.

हातमोजे आणि चिमटा लागतातच. शंखीच्या अंगात उंदरांकडून येणारा एक कृमी असू शकतो. तो माणसाच्या शरीरात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. घाबरून जायचं कारण नाही, पण मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नका, हात साबणाने धुवा आणि घरची पालेभाजी कच्ची खाताना पान न् पान वाहत्या पाण्यात बघा. कोथिंबिरीच्या जुडीत तांदळाएवढी शेंबी सहज लपते, आणि नाशिककर कोथिंबीर किती खातात ते वेगळं सांगायला नको.

पाणी सकाळी घालते. श्रावणात उघडीप पडली की आपण संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाणी घालतो, म्हणजे रात्री त्यांच्यासाठी ओला गालिचा अंथरून ठेवतो. सकाळी घातलं तर वरचा थर रात्रीपर्यंत सुकतो. एवढ्या एका बदलाने गच्चीवरच्या कुंड्यांत मला उघड फरक दिसला. कुंड्या आता ताटलीत नाहीत, विटांच्या तुकड्यांवर आहेत. आणि झेंडू, डेलिया, पालक यांची रोपं एकदम वाफ्यात न लावता आधी टेबलावर ट्रेमध्ये वीतभर वाढवते. देठ जरा राठ झाला की दोन-चार पानं गेली तरी रोप तग धरतं. गवती चहा आणि कढीपत्त्याला माझ्याकडे त्यांनी कधी तोंड लावलं नाही, त्यांची काळजी सोडा.

पपई, लिंबू अशा झाडांच्या खोडाला बोर्डो पेस्ट. हे मला दिंडोरीच्या बागाईतदार मामांनी सांगितलं. द्राक्षवाल्यांना मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुना काही नवा नाही, घरोघरी पडलेला असतो. दहा टक्क्यांची पेस्ट म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन झाडांसाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटर पुरे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं नको. जमिनीपासून दोन-अडीच फूट खोडाला ब्रशने लावायची. आकाशी निळं खोड दिसायलाही बरं वाटतं. त्यावरून शंखी चढत नाहीत, निदान पाऊस ती धुऊन नेईपर्यंत. उरलेली पेस्ट मातीत ओतू नका, तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना भोवतं.

बिअरचा सापळा सगळीकडे सांगितला जातो. वाइनच्या राजधानीत राहून गोगलगायींना बिअर पाजायची म्हणजे घरात प्रश्न विचारले जाणार. तशी गरजही नाही. त्यांना दारूची ओढ नसते, आंबलेल्या वासाची असते. कोमट पाण्यात साखर आणि ब्रेडचं यीस्ट घालून वाटीत ठेवलं तरी शेंबी येऊन बुडतात. वाटीची कड मातीच्या वर बोटभर ठेवा, नाहीतर उपयोगाचे जमिनीवरचे भुंगेरेही पडतात. सापळा जवळपासच्याच ओढतो, अख्ख्या बागेच्या नाही.

ज्यांना मारू नका

भारद्वाज, म्हणजे आपला कुंभार कावळा, शंखी फोडून खातो. आमच्या कडुनिंबाखाली फुटके शंख दिसले तेव्हा मला आधी मांजरावर संशय आला होता. बेडूक बारक्या शेंबी खातात. आणि जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. काजव्याची अळी गोगलगायींवर जगते. चपटी, काळपट, खवल्याखवल्यांची दिसते, शंखात तोंड घालून बसलेली सापडते. आपण ती दिसली की किडा म्हणून चिरडतो. मीही दोन चिरडल्यात, माहीत नसताना.

आणि नर्सरीची माती

यावर मी आता हट्टी झाले आहे. नवी कुंडी आली की थेट बागेत नाही. आधी कुंडी काठापर्यंत पाण्याच्या टबात तासभर बुडवायची, लपलेल्या शेंबी गुदमरून वर येतात. अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून मग तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात, पसरट ट्रेमध्ये पाणी घालून मधोमध विटेवर. मातीवर कोबीचं एक पान ठेवायचं आणि रोज सकाळी उलटून बघायचं. पिल्लं निघाली तर पानाखालीच सापडतात. ट्रेच्या पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका, नाहीतर गोगलगायी टाळता टाळता डासांची शेती व्हायची. सुटी माती असेल तर मेच्या उन्हात गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकखाली पातळ पसरून ठेवते.

नर्सरीवाल्यांना सांगून बघितलं. एकाने "मॅडम, माती आहे, तिच्यात जीव असणारच" असं उत्तर दिलं. त्याच्याशी मला वाद घालता आला नाही.

मध्यंतरी काकूंनी जास्वंदीची कलमाची कुंडी दिली, त्यांच्या वहिनींकडून आलेली. "लगेच लाव गं, कोमेजेल," म्हणाल्या. ती अजून ट्रेमधल्या विटेवर आहे. आज बारावा दिवस. काल सकाळी पानाखाली ज्वारीच्या दाण्याएवढे चार शंख होते.